वादळी आकाशाचे चित्र

वैशाख सरत आला की महाराष्ट्राच्या पठारावर एखाद्या दिवशी दुपारीच आभाळ भरून येते. सकाळपासून जमीन उन्हाने भाजून निघालेली असते. वारा पडलेला असतो. झाडाचे पानही हलत नाही. आणि मग क्षितिजावर एका बाजूस काळसर रेघ दिसू लागते. पाहता पाहता त्या रेघेचा डोंगर होतो. धुळीचे लोट उठतात, गुरे हंबरत घराकडे धावतात, अंगणातील वाळवणे गोळा करण्याची एकच घाई उडते. अशा वेळी बहुतेक माणसे आडोसा शोधतात. एखादाच मात्र उघड्यावर उभा राहून वर पाहत असतो. तो शेतकरी असेल, नावाडी असेल, किंवा चित्रकार असेल.

शेतकऱ्याला आणि नावाड्याला आकाश वाचता आले म्हणजे पुरते. चित्रकाराला ते पुन्हा उभे करावयाचे असते, आणि येथेच त्याची खरी अडचण आहे. वादळ क्षणभरही एका जागी थांबत नाही. चित्र तर एका जागी खिळलेले. वादळ गर्जत असते, चित्र मुके. मग धावते, गर्जते आकाश चार हात कापडावर कसे आणावे? त्यासाठी चित्रकाराला तीन गोष्टी साधाव्या लागतात. नीट पाहणारा डोळा ही पहिली. रंगद्रव्याचे ज्ञान ही दुसरी. आणि मनात भरून आलेल्या भावनेला लय लावण्याची शक्ती ही तिसरी. या तिसऱ्या गोष्टीत अनेक चित्रकारांना संगीताचे साहाय्य झालेले आहे. या तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार करू.

वादळी आकाश म्हणजे काळे आकाश, अशी आपली समजूत असते. चित्रकलेच्या तासाला पावसाचे चित्र काढावयास सांगितले, की पुष्कळ मुले कागदाच्या वरच्या भागावर काळा रंग फासतात आणि खाली तिरप्या रेघा ओढतात. परंतु खऱ्या आकाशाकडे पाच मिनिटे निरखून पाहावे. ज्याला आपण काळा ढग म्हणतो त्याच्या पोटात निळसर, जांभळट, करड्या, क्वचित हिरवट छटा दिसतील. जेथे त्याच्या कडेला ऊन लागते तेथे ती कडा चांदीच्या तारेसारखी चमकत असेल. आणि क्षितिजाजवळ, काळ्या ढगांच्या खाली, पिवळट उजेडाची एक पट्टी राहिलेली असेल.

असे का होते? ढग हा पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा आणि हिमकणांचा समूह होय. त्याच्यावर पडलेला प्रकाश हे कण सर्व दिशांना विखरून टाकतात, म्हणून उन्हातला ढग पांढराशुभ्र दिसतो. मात्र ढग फार जाड झाला, म्हणजे वरून शिरलेला प्रकाश विखुरत विखुरत बराचसा वर आणि बाजूंना निघून जातो. तळापर्यंत थोडाच पोचतो. म्हणून तळ काळा दिसतो. तोच ढग विमानातून वरच्या बाजूने पाहिला, तर कापसाच्या राशीसारखा पांढरा दिसेल. ढगाचा काळेपणा हा ढगाला लावलेला रंग नव्हे. ती त्याने अडविलेल्या उजेडाची खूण आहे. वादळाचे चित्र काढणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात धरावी.

गडगडाटी ढगाची घडणही समजून घेण्यासारखी आहे. तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते. उंचावर ती थंड होते, आणि तिच्यातील वाफेचे थेंब बनतात. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर ढकलली जाते. अशा रीतीने एक-दोन किलोमीटर उंचीवर तळ असलेल्या या ढगाचा माथा बारा किलोमीटरांच्याही वर जातो. एव्हरेस्ट शिखराची उंची नऊ किलोमीटरांहूनही थोडी कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या ढगाच्या भव्यतेची कल्पना येईल. पुढे एका थराशी त्याचे चढणे थांबते, आणि मग त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. म्हणजे जो देखावा आपल्याला नुसता गोंधळ वाटतो त्यालाही तळ आहे, कणा आहे, माथा आहे आणि दिशा आहे. वादळात रचना असते. ती ज्याला दिसली त्यालाच वादळ रंगविता येते.

ढगांची ही रचना शब्दांत पकडण्याचा एक मोठा प्रयत्न १८०२ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडन शहरी झाला. ल्यूक हॉवर्ड नावाच्या, रसायने तयार करण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका हौशी अभ्यासकाने ढगांच्या प्रकारांवर व्याख्यान दिले आणि त्यांना लॅटिन नावे दिली. केसांच्या बटांसारखा तो सिरस, राशीसारखा तो क्युम्युलस, थरासारखा तो स्ट्रेटस आणि पावसाचा तो निंबस. आजही जगभरचे हवामानशास्त्रज्ञ याच नावांच्या आधारे ढगांचे वर्गीकरण करतात. आपण वर पाहिलेल्या गडगडाटी ढगाला ते क्युम्युलोनिंबस म्हणतात. म्हणजे पावसाची रास.

त्याच काळी त्याच देशात एक तरुण चित्रकार याच ढगांकडे निराळ्या डोळ्यांनी पाहत होता. त्याचे नाव जॉन कॉन्स्टेबल. त्याचा जन्म ११ जून १७७६ रोजी इंग्लंडमधील सफक परगण्यात, ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यात झाला. वडील धान्य दळणाऱ्या गिरण्यांचे मालक होते. चित्रकलेच्या शिक्षणासाठी लंडनला जाण्यापूर्वी जॉनने काही काळ पवनचक्कीवर काम केले. पवनचक्कीवरच्या माणसाला आकाशाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कोणता ढग नुसता जाणार आणि कोणता वावटळ घेऊन येणार, हे त्याला वेळीच ओळखावे लागते. नाही तर चक्कीची पाती मोडून पडावयाची. पुढे ज्याच्या आकाशांनी युरोपभर नाव मिळविले त्या चित्रकाराचा पहिला अभ्यासवर्ग असा पिठाच्या गिरणीत भरला होता.

कॉन्स्टेबलची पत्नी मरिया हिची प्रकृती नाजूक होती. शहराच्या धुरापासून दूर, मोकळ्या हवेत तिला बरे वाटावे म्हणून १८१९ सालापासून तो लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर घर घेऊन राहू लागला. तेथून आकाश विस्तीर्ण दिसे. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्याने तेथे नुसत्या आकाशाची असंख्य छोटी तैलचित्रे काढली. यांत घर नाही, माणूस नाही, कित्येकांत जमिनीची रेघसुद्धा नाही, केवळ ढग. १८२२ च्या ऑक्टोबरात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, आपण आकाशाचे सुमारे पन्नास अभ्यास पूर्ण केले आहेत, असे त्याने कळविले होते. कागदावर तेलरंगांनी झपाट्याने काढलेल्या यांतील अनेक चित्रांच्या पाठीवर त्याने दिनांक, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पावसाचे चिन्ह यांची नोंद केलेली आढळते. ढग सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. कोणत्या घटकेचा ढग आपण पाहिला हे ठाऊक नसेल तर त्याचे चित्र सर्वसाधारण होईल. खरे होणार नाही, असा त्याचा कटाक्ष होता.

आता रंगांकडे वळू. वादळी आकाशासाठी तेलरंगच का? जलरंगांतही सुंदर ढग रंगविता येतात. परंतु जलरंग लवकर वाळतो. तेलरंगाचा स्वभाव निराळा आहे. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून हा रंग करतात. पाण्याप्रमाणे हे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावून ते घट्ट होते. त्यामुळे रंग तासन् तास, कित्येकदा दिवसेंदिवस ओला राहतो. ढगाची कडा ही भिंतीच्या कडेसारखी रेखीव नसते. ती कोठे विरलेली, कोठे फाटलेली, तर कोठे ठसठशीत असते. ओल्या करड्या रंगाच्या कडेवरून कोरडा कुंचला अलगद फिरविला, की ती कडा आकाशात विरून जाते. आणि पांढरा रंग कुंचल्याने किंवा सुरीने जाड लावला, की ढगाचा उजळ माथा कापडावर उठून दिसतो. एकाच रंगात धुके आणि पर्वत दोन्ही साधण्याची ही शक्ती तेलरंगात आहे.

कॉन्स्टेबलच्या काळी रंग आजच्यासारख्या नळ्यांत मिळत नसत. प्राण्यांच्या मूत्राशयापासून केलेल्या लहान पिशव्यांत ते बांधून ठेवीत आणि लागेल तेव्हा पिशवीला टोचून बाहेर काढीत. धातूच्या नळीचा शोध जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने लावला. १८४१ मध्ये त्याने तिचे एकस्व घेतले. अशा गैरसोयीतही कॉन्स्टेबल रंगांची पेटी घेऊन उघड्या माळावर बसे, हे विसरता कामा नये.

तेलरंगाचा एक नियम मात्र प्रत्येकाने पाळावा लागतो. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक, हा तो नियम होय. प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात चित्राची ठेवण मांडावी. मग क्रमाने तेलकट आणि जाड थर द्यावेत. उलटे केले तर खालचा तेलकट थर सावकाश वाळत राहतो, वरचा आधीच कडक होतो आणि काही काळाने चित्राला भेगा पडतात. घाईने उभारलेल्या इमारतीसारखीच घाईने रंगविलेल्या चित्राची गत होते.

वादळाचा काळोख करण्यासाठी नुसता काळा रंग वापरण्याचे चांगले चित्रकार टाळतात. नुसत्या काळ्याने ढगाला कोळशाची मरगळ येते. त्याऐवजी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट अंबर हा भाजलेल्या मातीचा तपकिरी, असे दोन रंग मिसळले तर जवळजवळ काळा पण जिवंत रंग तयार होतो. निळा अधिक घातला तर ढग थंड आणि दूरचा वाटतो. तपकिरी अधिक घातला तर तो जड, जवळचा आणि धुळीने भरलेला वाटतो. त्यातच पांढरा मिसळत गेले, की करड्या रंगाच्या कितीतरी पायऱ्या मिळतात. क्षितिजाजवळच्या उजेडासाठी पांढऱ्यात थोडी पिवडी पुरते. हा उजेड चित्रात फार थोड्या जागेत ठेवावा. दिव्याशेजारचा काळोख जसा अधिक गडद भासतो, तशी त्या लहानशा पिवळ्या पट्टीमुळे सर्व ढगांना धार येते. वादळाचे चित्र काळ्या रंगाने होत नाही. ते राखून ठेवलेल्या उजेडाने होते.

येथवर डोळ्याचे आणि हाताचे काम झाले. परंतु सर्व नियम पाळूनही एखादे चित्र निर्जीव वाटते, आणि एखाद्या चित्रापुढे उभे राहिले की छातीत धडधड होते. हा फरक कशाने पडतो? कॉन्स्टेबलने आपल्या मित्रास, जॉन फिशर या धर्मोपदेशकास, १८२१ च्या ऑक्टोबरात लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. निसर्गचित्रात आकाश हे भावनेचे मुख्य साधन असते, असे सांगताना त्याने आकाशाला संगीतातील एक शब्द लावला आहे. त्या शब्दाचा अर्थ आधारस्वर असा होतो. आपल्याकडे गायक गाण्यास बसला, की प्रथम तंबोऱ्यावर षड्ज लावून घेतो. पुढचे सारे स्वर त्या षड्जाच्या नात्याने उंच किंवा खाली, गोड किंवा विसंवादी ठरतात. चित्रातील आकाशाचेही तसेच आहे. आकाश काळवंडले, की खालचे हिरवे शेत, पांढरे घर, नदीचे पाणी या साऱ्यांचे रंग बदलतात. आधी शेत रंगवून मग वर वादळ चिकटविले, तर ते चित्र बेसूर होते.

चित्रकाराने संगीताचा शब्द वापरावा, हा केवळ योगायोग नव्हे. आपल्या देशात तर रागांचीच चित्रे काढण्याची परंपरा होती. रागमाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रांत मेघ रागाचे चित्र पुष्कळदा असे असते : वर काळे ढग दाटले आहेत, वीज चमकत आहे, खाली निळ्या अंगकांतीचा नायक नृत्य करीत आहे आणि बाजूला स्त्रिया वाद्ये वाजवीत आहेत. पावसाळ्यात गावयाच्या मल्हार प्रकारच्या रागांत मियां की मल्हार हा फार प्रसिद्ध आहे. तो तानसेनाने रचला असे मानतात. तानसेन गाऊ लागला की पाऊस पडे, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. स्वरांनी ढग जमत नाहीत, हे आपण वर पाहिलेच. परंतु हा राग जाणत्या गायकाकडून ऐकला, तर आख्यायिका का जन्मली ते उमगते. मंद्र सप्तकात घुमणारे स्वर, डोलत डोलत लागणारा कोमल गांधार, शेजारी शेजारी येणारे दोन्ही निषाद. यांमुळे दूरवर काही दाटून येत आहे असा भास होतो. पाऊस बाहेर पडो वा न पडो, श्रोत्याच्या मनात आभाळ भरून येते.

युरोपातही असे घडले आहे. बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराची सहावी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम वाजविली गेली. तिच्या चौथ्या भागात वादळ आहे. आरंभी खालच्या पट्टीतील तंतुवाद्ये अगदी हळू थरथरतात. मग एकाएकी नगाऱ्यांसारखी टिंपनी ही वाद्ये गर्जू लागतात. आधीच्या तीन भागांत बेथोव्हेनने ही वाद्ये एकदाही वाजू दिलेली नाहीत. वादळासाठी त्याने गर्जना राखून ठेवली, जसा चित्रकार उजेड राखून ठेवतो. शेवटी वादळ दूर जाते, एक बासरी पायरी पायरीने वर चढते आणि धनगरांचे शांत गीत सुरू होते. या रचनेत देखाव्याच्या चित्रणापेक्षा भावनेची अभिव्यक्ती अधिक आहे, असा खुलासा बेथोव्हेनने स्वतःच केला होता. हा खुलासा करणाऱ्या माणसाची श्रवणशक्ती त्या वेळी झपाट्याने क्षीण होत चालली होती, हे कळले म्हणजे मन थक्क होते. बाहेरचा गडगडाट त्याला अंधूकच ऐकू येत असेल. आतले वादळ मात्र त्याने स्वर न् स्वर मोजून मांडले.

स्वर ऐकून थेट चित्र काढल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण विसाव्या शतकातील आहे. रशियन चित्रकार वासिली कान्डिन्स्की हा स्वतः चेलो वाजवीत असे. २ जानेवारी १९११ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरी त्याने आर्नोल्ड शोनबेर्ग या संगीतकाराच्या रचना ऐकल्या. त्या ऐकून तो इतका भारावला, की लगेच त्याने त्या मैफलीचे तैलचित्र काढले. त्यात पियानोचा मोठा काळा आकार आहे, आणि त्याच्या बाजूने पिवळ्या रंगाचा प्रचंड लोट चित्रभर पसरला आहे. ऐकू आलेला नाद त्याने रंगाच्या रूपाने पाहिला.

मग आपण वादळी आकाश रंगविताना संगीत कसे ऐकावे? पार्श्वभूमीला काहीतरी वाजत ठेवून कुंचला चालविला, म्हणजे साधले असे नव्हे. प्रथम चित्राची सामग्री बाजूला ठेवून ती रचना एकदा डोळे मिटून संपूर्ण ऐकावी. शक्यतो शब्द नसलेले संगीत निवडावे. सतार, सरोद, बासरी किंवा व्हायोलिन यांवरील मल्हार त्यास उत्तम. शब्द असले की मन अर्थाकडे ओढले जाते. मग आलाप सुरू असताना पातळ रंगात आकाशाचे मोठे विभाग मांडावेत. आलापात घाई नसते. वादक एकेका स्वरावर थांबतो, त्याची जागा नक्की करतो आणि मगच पुढे जातो. तळ कोठे, माथा कोठे, उजेड कोठे, हे चित्रकारानेही याच संथपणाने ठरवावे. लय वाढू लागली, की ओल्या रंगात ढगांच्या कडा मिसळाव्यात, वाऱ्याच्या दिशेने कुंचला फिरवावा. आणि द्रुत लयीत सारे स्वर वेगाने धावू लागतील तेव्हा सावध राहावे. नवशिक्याचा हात त्या वेगाबरोबर वाहत जातो आणि मोठ्या कष्टाने साधलेले आकाश क्षणात चिखल होऊन बसते. कसलेल्या वादकाकडे लक्ष द्या. तो कितीही वेगाने वाजवीत असला तरी समेवर अचूक येतो. त्याचा वेग मोकाट नसतो, मोजलेला असतो. म्हणून या वेळी फटकारे थोडेच मारावेत. पण जो मारावयाचा तो निःशंकपणे मारावा. एखादा ढगाचा उजळ माथा, एखादी पावसाची तिरपी सर, एखादी विजेची रेघ. एवढे झाले की कुंचला खाली ठेवावा. संगीतात जसा विराम, तशी चित्रात मोकळी सोडलेली जागा.

तेलरंग महाग असतात, आणि ते वापरताना काळजीही घ्यावी लागते. टर्पेंटाइनची वाफ कोंडू नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत, एकेक पसरून वाळवाव्यात. हे काम शिक्षकांच्या किंवा घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. तेलरंग जवळ नसले तरी निराश होण्याचे कारण नाही. करड्या कागदावर कोळसा आणि पांढरा खडू एवढ्यावरही आकाशाचा उत्तम अभ्यास होतो. चित्राच्या पाठीवर दिनांक, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावयास मात्र विसरू नये.

आता अखेरीस पुन्हा कॉन्स्टेबलकडे जाऊ. हॅम्पस्टेडची हवा मरियाला तारू शकली नाही. क्षयाने ती खंगत गेली, आणि २३ नोव्हेंबर १८२८ रोजी तिचे निधन झाले. सात मुले मागे राहिली. सर्वांत धाकटे वर्षाचेही झाले नव्हते. दुसऱ्याच वर्षाच्या फेब्रुवारीत रॉयल ॲकॅडमी या मान्यवर संस्थेने कॉन्स्टेबलला पूर्ण सदस्यत्व दिले. ज्या मानाची त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली होती तो मिळाला. पण ज्या व्यक्तीस तो सांगावयाचा ती घरात नव्हती.

या दिवसांत त्याने एक जुनी टिपणवही उघडली. चौदा वर्षांपूर्वी, १८१४ साली, टेम्स नदीच्या मुखाजवळ हॅडली येथील पडक्या किल्ल्याचे एक लहानसे पेन्सिलचित्र त्याने काढून ठेवले होते. त्यावरून त्याने सुमारे चार फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद असे तैलचित्र करण्यास घेतले. दुःखाच्या भरात त्याने रंग भराभर फासले असते, तर ते समजण्यासारखे होते. परंतु त्याने तसे केले नाही. आधी त्याच आकाराचा एक संपूर्ण कच्चा खर्डा तेलरंगात केला आणि त्यानंतर अंतिम चित्र पूर्ण केले. डावीकडे मोडका बुरूज उभा आहे. खाली आपल्या कुत्र्यासह चाललेला एक धनगर अगदी लहान दिसतो. पलीकडे नदी समुद्राला मिळते. आणि या साऱ्यावर ढगांचे अस्वस्थ, फाटलेले आकाश पसरलेले आहे. ढगांच्या फटींतून उतरलेले किरण दूरच्या पाण्यावर पडले आहेत. १८२९ साली हे चित्र प्रदर्शनात मांडताना त्याने त्याच्या नावात एक गोष्ट आवर्जून सांगितली : ही वादळी रात्रीनंतरची सकाळ आहे.

या चित्रात कोणी रडत नाही, कोणी मृत झालेले नाही. तरीही हे एका शोकाकुल माणसाचे चित्र आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते. ढग कसे घडतात हे त्याने पन्नास वेळा मांडी ठोकून शिकून घेतले होते. रंगाचे थर कसे द्यावे हे हाताला माहीत झाले होते. म्हणून दुःखाने मन हेलावले तेव्हा हात ढळला नाही. भावना मोठी होती. पण तिला आधारस्वर होता. पुढे १८३१ मध्ये त्याने सॉल्झबरीच्या चर्चचे जे भव्य चित्र मांडले त्यातही आकाश काळ्या ढगांनी भरलेले आहे. मात्र त्या ढगांवर एक इंद्रधनुष्य उमटलेले आहे.

वादळाचे चित्र काढावयास वादळी मन लागते, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. मनात वादळ असावे लागते, पण हातात लय असावी लागते. ही लय कोणाला ढगांच्या अभ्यासातून सापडते, कोणाला रंगाच्या संथ वाळण्यातून, तर कोणाला मल्हाराच्या आलापातून. यंदा वळवाचे ढग दाटून येतील तेव्हा आडोशाला जाण्याआधी क्षणभर वर पाहा. त्यांचा तळ शोधा, माथा शोधा, वाऱ्याची दिशा पाहा; आणि काळोखात राखून ठेवलेला तो लहानसा उजेड कोठे आहे, तेही पाहा.

स्वाध्याय

१. ढगाचा तळ काळा का दिसतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. कॉन्स्टेबलने आकाशाला आधारस्वर का म्हटले असावे?
३. ‘वादळासाठी त्याने गर्जना राखून ठेवली, जसा चित्रकार उजेड राखून ठेवतो.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. हॅडलीच्या किल्ल्याचे चित्र एका शोकाकुल माणसाचे आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
५. सलग सात दिवस एकाच वेळी आकाशाचे निरीक्षण करून दिनांक, वेळ, वारा आणि ढगांचा आकार यांची नोंद ठेवा.